एकाच रानातली दोन झाडं. एक वाळतं, दुसरं टिकतं, ते का?

जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या मुळासकट उपटाव्या लागल्या. कमी पावसाचं साल आलं की एक प्रश्न हमखास निघतो. रान तेच, पाऊस तेवढाच, लागवडही एकाच वेळची. मग एक झाड खडखडीत वाळलं आणि त्याला लागून असलेलं हिरवं कसं राहिलं?

उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली आहे. मराठवाड्यात काळ्या पाषाणावर कुठे वीतभर, तर कुठे पुरुषभर माती आहे. वरून रान सपाट दिसतं, खाली तसं नसतं. विहीर खणणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: एका जागी पाषाणाला भेग लागते, चार पावलांवर अखंड दगड. ज्या झाडाचं मूळ भेगेत किंवा फुटक्या मुरमात उतरलं, त्याला वरची माती कोरडी पडल्यावरही थोडी ओल मिळत राहते. अखंड दगडावर बसलेल्या झाडाची शिदोरी मातीबरोबरच संपते.

नाल्याकाठच्या झाडांचं कधी कधी उलटंच होतं. पाणी कायम जवळ, म्हणून मुळं फार खोल जात नाहीत. पाण्याची पातळी एकदम खाली गेली की हीच झाडं आधी माना टाकतात, आणि माळावरची खुरटी बाभूळ मात्र उभी असते.

झाडाच्या वागण्यातही फरक असतो. पानांवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा आत घेतं आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर जातं. काही झाडं ही छिद्रं लवकर मिटतात, पानंही गाळतात. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणं थांबतं आणि ताण लांबला तर झाडाची उपासमार होते. काही झाडं छिद्रं उघडीच ठेवतात. त्यांच्या खोडातल्या बारीक नळ्यांवर ओढ वाढते, नळ्यांत हवा शिरते आणि शेंड्याकडचं पाणी तुटतं. मोटरीनं हवा धरली की पाणी येईनासं होतं, तसाच प्रकार. शेंडे आधी वाळतात ते बऱ्याचदा यामुळेच.

हे वागणं काही अंशी बियातून येतं. कडुनिंब, बाभूळ, चिंच बियापासून उगवतात, त्यामुळे एकाच झाडाखालची रोपंही सख्ख्या भावंडांसारखी वेगवेगळी निघतात. केशर आंब्याचं कलम वरून एकसारखं असलं तरी खालचा खुंट रायवळ कोयीचा असतो आणि कोय कोयीसारखी नसते. मोसंबीत हा फरक कमी. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईचीच हुबेहूब प्रत असतात. म्हणजे मोसंबीच्या बागेत मधलंच झाड वाळलं तर संशय आधी जमिनीवर, मुळांच्या रोगावर आणि ठिबकच्या तोंडावर घ्यावा. रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीपेक्षा पाण्याचा ताण जास्त सोसतो, हे मात्र लागवडीच्या आधीच बघायचं.

दुष्काळाचा फटका पाऊस पडल्यावर संपत नाही. अशक्त झालेल्या झाडावर साल आणि खोड पोखरणाऱ्या अळ्या लवकर बसतात, म्हणून कित्येक झाडं चांगला पाऊस झालेल्या पुढच्या वर्षी जातात. उलट, निष्पर्ण दिसणारं झाड जिवंत असू शकतं. कुऱ्हाड लावण्याआधी फांदीची साल नखानं खरवडून बघावी. आतून हिरवी आणि ओलसर असेल तर फक्त वाळलेले शेंडे छाटावेत आणि झाडाला एक पावसाळा द्यावा.

रोपांसाठी बी घेताना बऱ्याचदा हाताशी येईल त्या झाडाखालचं उचललं जातं. दुष्काळात टिकलेल्या झाडांना चुन्याचा पट्टा मारून ठेवला तर निवड सोपी होते. पण एखादं झाड निव्वळ खालच्या भेगेमुळे तरलेलं असतं, आणि ती भेग काही बियात उतरत नाही. म्हणून एकाच झाडावर न विसंबता हलक्या रानात टिकलेल्या पाच-दहा झाडांचं बी एकत्र करावं. निंबोळ्यांच्या बाबतीत घाई लागते. त्यांची उगवण फार दिवस टिकत नाही, गोळा केल्यापासून दोन-तीन आठवड्यांत त्या पिशव्यांत गेलेल्या बऱ्या.