हिमशिखर आणि परतीची वाट

हिमालयाचें नांव आपल्या घरांतून लहानपणापासून कानीं पडतें. कालिदासानें ‘कुमारसंभवा’चा आरंभच त्याच्या वर्णनानें केला आहे, आणि महाप्रस्थानिकपर्वांत पांडव द्रौपदीसह हिमालयाची वाट धरतात, ती न परतण्यासाठींच. आमच्या सांगोल्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत क्वचित् गारा पडल्या तर मुलें त्या वेंचावयास धांवतात. येथें बर्फाच्या उताराची कल्पना येणें कठीणच. तथापि आज सुशिक्षित घरांतील मुलगे व मुली सुटी लागतांच हिमालयांत भ्रमणास निघतात. अशा वेळीं वडील मंडळींनीं काय विचारावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

बर्फ दुरून निश्चल दिसतो. वस्तुतः तो थरांचा बनलेला असतो. जुन्या, कठीण झालेल्या थरावर नवा बर्फ पडला, म्हणजे त्या दोहोंचा सांधा कांहीं काळ कच्चा राहतो. वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगास रचतो. तो ढीग भक्कम दिसला तरी विश्वासास पात्र नसतो. सुमारें ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असा थर माणसाच्या भारानेंहि सुटूं शकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. त्याखालीं गाडल्या गेलेल्या मनुष्यास पाव तासाच्या आंत बाहेर काढलें, तरच वांचण्याची आशा बरी असते. म्हणून एकट्यानें जाणें हें साहस नव्हे, अविचार होय.

रात्रीं गोठलेला बर्फ दुपारच्या उन्हानें सैल होतो. म्हणून उंच शिखरांवर जाणारे जाणते लोक बहुधा मध्यरात्रीं निघतात. आणि अमुक वाजतां, असूं तेथून, मागें फिरावयाचें, हें निघण्यापूर्वींच ठरवितात. ढग उतरले म्हणजे आकाश व भूमि एकसारखीं पांढरीं होतात. चढ कोठें व कडा कोठें हें उमगत नाहीं. शरीर थकलेलें आणि शिखर समोर, अशा वेळीं नवा निर्णय घेणें फार अवघड. पूर्वींचा पाळणें त्या मानानें सोपें.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोहीम २०१२ सालीं श्री. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालीं एव्हरेस्टवर गेली. १९ मे रोजीं तिचे आठ गिर्यारोहक शिखरावर पोहोंचले. त्याच सुमारास, गर्दीनें खोळंबलेल्या त्याच पर्वतावर, इतर पथकांतील चौघे प्राणांस मुकले. ‘गिरिप्रेमी’चेच श्री. आनंद माळी व श्री. गणेश मोरे यांना त्या वर्षीं शिखराअलीकडून परतावें लागलें. परतले, म्हणूनच २०१३ सालीं ते पुन्हा गेले आणि शिखरावर उभे राहिले.

शिक्षण घेतलें म्हणजे धोका सरला, असेंहि नाहीं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. तिचें प्रशिक्षण-पथक ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराजवळ हिमस्खलनांत सांपडलें व पंचवीसांहून अधिक जीव गेले. शिक्षणानें धोका ओळखतां येतो. नाहींसा होत नाहीं.

तेव्हां निघणाऱ्या मुलास विचारावें: बरोबर जाणता वाटाड्या कोण आहे? नवा बर्फ पडल्यास मुक्कामीं थांबण्यापुरते दिवस हातीं आहेत काय? उंचीवर डोकें दुखून मळमळूं लागलें, तर खालीं कोण उतरविणार? आणि मागें फिरण्याची वेळ कोणती ठरली आहे?

मात्र एक पथ्य आपल्याकडेहि आहे. मुलगा शिखर न गाठतां घरीं आला, कीं माजघरांतून कोणी तरी हंसत म्हणतें, “मग एवढे पैसे घालवून गेलास कशाला?” हा बोल तो विसरत नाहीं, पुढच्या खेपेस, ढग उतरत असतां, तोच त्याला चार पावलें अधिक पुढें ढकलतो. शिखर न पाहतां परतलेल्यास गरम पाण्याचें स्नान व दोन घांस वाढावे, आणि वाट कशी होती तें कौतुकानें ऐकावें. ज्या घरांत परतण्याची लाज वाटत नाहीं, त्या घरचीं मुलें परत येतात.