कौन्सिलांवरची देखरेख: इंग्लंडचा शंभर वर्षांचा हिशेब

इंग्लंडमध्ये आजघडीला तीनशेहून अधिक स्थानिक कौन्सिला आहेत. कचरा, रस्ते, वाचनालये, निराधार वृद्धांची देखभाल ही कामे त्यांच्याकडे वाटून दिलेली आहेत. शिवाय त्यांतल्या अनेक कौन्सिला हजारो घरांच्या मालक आहेत, आणि कुणाच्या जमिनीवर काय बांधले जावे हेही बहुतेक ठिकाणी कौन्सिलांच्याच नियोजन समित्या ठरवतात. एवढा पसारा असला तरी त्यांच्या अस्तित्वाला घटनेचे संरक्षण नाही. संसदेने कायद्याने कौन्सिल निर्माण करायची, कायद्यानेच तिचे अधिकार वाढवायचे किंवा काढून घ्यायचे, आणि गरज वाटली तर ती मोडीतही काढायची, अशी ही रचना. १९८६ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त केली. त्यानंतर चौदा वर्षे राजधानीला सबंध शहराचे म्हणावे असे निवडून आलेले शासनच नव्हते.

या देखरेखीत दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे हुकूम: भाडे किती, कर्ज किती, कर किती वाढवायचा, घरे किती बांधायची हे लंडनमधल्या खात्याने सांगायचे. दुसरी म्हणजे तपासणी: खर्च झालेला पैसा कायद्याप्रमाणे आणि शहाणपणाने खर्च झाला का, हे कुणीतरी त्रयस्थाने पाहायचे. शंभर वर्षांत हुकूम वाढत गेला. तपासणी मात्र २०१० नंतर जवळजवळ कोलमडली, आणि गेल्या काही वर्षांत ज्या कौन्सिला आर्थिकदृष्ट्या बुडाल्या त्यांच्या कहाणीत हे कोलमडणे पुन्हा पुन्हा भेटते.

घरबांधणीत केंद्र सरकार खऱ्या अर्थाने उतरले ते १९१९च्या कायद्याने. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना राहण्याजोगी घरे देण्याचे आश्वासन दिले गेले होते. तेव्हाचे मंत्री क्रिस्टोफर ॲडिसन यांच्या कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली आणि स्थानिक करातून एका ठरावीक मर्यादेपलीकडे येणारी तूट सरकारी तिजोरीने सोसायची असे ठरवले. दोनच वर्षांत, १९२१ साली, खर्च डोईजड झाल्याचे सांगून हा हात आखडता घेण्यात आला. आधी लक्ष्य द्यायचे, मागून पैसा काढून घ्यायचा, हा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

त्याच वर्षी पूर्व लंडनमधल्या पॉपलर या गरीब वस्तीच्या कौन्सिलने सबंध लंडनसाठीच्या संस्थांचा कर गोळा करून भरायला नकार दिला. श्रीमंत भागांत बेकार कमी, गरीब भागांत जास्त; तरी गरिबांचा सांभाळ ज्याने त्याने आपापल्या करातून करायचा, याला त्यांचा विरोध होता. जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह तीस नगरसेवक सुमारे सहा आठवडे तुरुंगात राहिले आणि सरकारला कायदा बदलून हा बोजा लंडनभर वाटावा लागला. हीच कौन्सिल आपल्या कामगारांना, पुरुषांना आणि स्त्रियांना सारखेच, आठवड्याला किमान चार पौंड वेतन देत होती. जिल्हा लेखापरीक्षकाने ते अवास्तव ठरवले आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी त्याची बाजू उचलून धरली.

हा जिल्हा लेखापरीक्षक एकोणिसाव्या शतकातल्या गरीब-कायद्याच्या काळापासून चालत आलेला. बेकायदा खर्च आढळला तर ती रक्कम संबंधित नगरसेवकाच्या खिशातून वसूल करण्याचे, म्हणजे अधिभार लावण्याचे, हत्यार त्याच्या हाती होते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. १९३० साली मुंबई इलाख्यात झालेला स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा याच परंपरेतला, आणि महाराष्ट्रात तो आजही चालू आहे.

अधिभाराचा सर्वांत गाजलेला प्रयोग डर्बीशायरमधल्या क्ले क्रॉस या खाणकामगारांच्या छोट्या गावात झाला. एडवर्ड हीथ यांच्या सरकारने १९७२च्या कायद्याने कौन्सिलच्या घरांची भाडी वाढवणे सक्तीचे केले. बहुतेक कौन्सिलांनी कुरकुर करत ते मानले. क्ले क्रॉसने मानले नाही. अकरा नगरसेवकांवर मिळून ६,९८५ पौंडांचा अधिभार बसला आणि ते अपात्र ठरले. सरकारने भाडेवसुलीसाठी स्वतःचा गृहनिर्माण आयुक्त धाडला, पण स्थानिक असहकारापुढे त्याला फारसे काही करता आले नाही. १९७४च्या पुनर्रचनेत ती कौन्सिलच नाहीशी झाली. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करता येते, हुकूम अमलात आणणे त्याहून कठीण असते, हे तिथे दिसले.

थॅचर सरकारने हा धडा लक्षात ठेवला असावा. १९८०च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीच्या दरात विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि कौन्सिल टाळाटाळ करत असेल तर मंत्र्याने विक्रीचे काम स्वतःच्या हाती घ्यावे अशी तरतूद त्याच कायद्यात घातली गेली. नॉर्विच कौन्सिलने विक्री संथ ठेवली तेव्हा मंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी ती तरतूद वापरली, आणि १९८२ साली अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. या हक्काखाली इंग्लंडमध्ये आजवर सुमारे वीस लाख घरे विकली गेली. विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांवर खर्च करायलाही केंद्राने मर्यादा घातल्या, त्यामुळे साठा भरून निघाला नाही. १९७९च्या सुमारास ब्रिटनमधली जवळजवळ एक तृतीयांश घरे कौन्सिलांची होती, हे आता तिथल्या तरुण पिढीला सांगूनही खरे वाटत नाही.

उरलेल्या घरांचा हिशेब १९८९च्या कायद्यापासून स्वतंत्र खात्यात बंदिस्त आहे: भाड्याचा पैसा घरांवरच खर्च करायचा, कौन्सिलच्या इतर गरजांसाठी वापरायचा नाही. पण भाडे ठरवण्याची मोकळीक त्यातून मिळाली नाही. २०१६पासून चार वर्षे भाडे दरवर्षी एक टक्क्याने घटवण्याचा हुकूम झाला, आणि २०२३मध्ये महागाई दहा टक्क्यांच्या घरात असताना भाडेवाढीवर सात टक्क्यांची मर्यादा आली. भाडेकरूच्या दृष्टीने दोन्ही निर्णय दिलासा देणारे होते, मात्र छप्पर गळायचे थांबवण्यासाठी लागणारा पैसा त्याच खात्यातून जात होता.

तपासणी आणि हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. शर्ली पोर्टर यांच्या नेतृत्वाखालील या कॉन्झर्व्हेटिव्ह कौन्सिलने १९८७पासून काठावरच्या आठ प्रभागांत रिकामी होणारी घरे गरजूंना न देता विकायला काढली. घर विकत घेणारा आपल्याला मत देईल, हा त्यामागचा हिशेब. केंद्रातही त्यांच्याच पक्षाचे सरकार होते. हे उघडकीस आणले ते लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी, रहिवाशांच्या आक्षेपांवरून. १९९६ साली त्यांनी ३ कोटी १६ लाख पौंडांची वसुली लावली. अपील न्यायालयाने ती रद्द केली, पण २००१च्या डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी वसुलीची जबाबदारी पुन्हा कायम केली. शेवटी २००४ साली १ कोटी २३ लाख पौंडांवर तडजोड झाली. तोवर २०००च्या कायद्याने अधिभाराची पद्धतच रद्द केली होती. तिचा दुरुपयोगही झाला होता हे खरे. पण नगरसेवकाला स्वतःच्या खिशाची वाटणारी भीती तिच्याबरोबर संपली.

नियोजनाच्या क्षेत्रात केंद्राचा हात आणखी लांब पोहोचतो. १९४७च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जमिनीची मालकी खासगी ठेवली, पण तिचा विकास करण्याचा हक्क परवानगीवर अवलंबून केला. परवानगी कौन्सिल देते; नाकारली तर अर्जदार मंत्र्याकडे अपील करतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक अपिले नियोजन निरीक्षक निकाली काढतात. शिवाय कोणताही अर्ज मंत्री स्वतःकडे मागवू शकतो. स्थानिक विकास आराखडाही निरीक्षकाच्या परीक्षेतून जावा लागतो. २०१३पासून, ज्या कौन्सिलचे निर्णय फार उशिरा होतात किंवा अपिलात वारंवार उलटतात तिला वगळून अर्ज थेट निरीक्षकांकडे नेण्याची सोय झाली. लिस्टरशायरमधली ब्लेबी ही या यादीत गेलेली पहिली कौन्सिल. २०२२मध्ये एसेक्समधल्या अटल्सफर्डवर तीच पाळी आली. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने घरांची सक्तीची लक्ष्ये परत आणली: देशभर मिळून वर्षाला ३ लाख ७० हजार.

परंतु मंत्रीही माणूसच. पूर्व लंडनमधल्या वेस्टफेरी छापखान्याच्या जागेवर दीड हजार घरांचा प्रकल्प होता. निरीक्षकाने परवानगी नाकारावी अशी शिफारस केली, तरी जानेवारी २०२०मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी ती दिली. तिथल्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलचा विकासकांवरचा नवा आकार दुसऱ्याच दिवशी लागू व्हायचा होता, म्हणजे विकासकाचे कोट्यवधी पौंड वाचले असते. कौन्सिल न्यायालयात गेली तेव्हा निर्णयात पक्षपाताचा आभास असल्याचे जेनरिक यांनी मान्य केले आणि परवानगी रद्द झाली. इथे देखरेख करणाऱ्याला आवरले ते ज्याच्यावर देखरेख होती त्याने.

पैशाच्या बाबतीत १९८३पासून ऑडिट कमिशन ही स्वतंत्र संस्था कौन्सिलांचे लेखापरीक्षक नेमत असे आणि त्यांच्या कामाची तुलनाही प्रसिद्ध करत असे. कागदपत्रांचा भार, गुणांकांचा सोस अशा तिच्याविरुद्ध तक्रारी होत्या. २०१०च्या ऑगस्टमध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी वर्षाला ५ कोटी पौंड वाचतील असे सांगत ती बंद करण्याचे जाहीर केले. २०१५च्या मार्चमध्ये ती संपली. कौन्सिलांनी आपापले परीक्षक खासगी कंपन्यांतून निवडावेत असे ठरले. शुल्क घटले, अनुभवी माणसे कमी झाली, कामे तुंबली. २०२२-२३चे तपासलेले हिशेब वेळेवर प्रसिद्ध करणाऱ्या संस्था एक टक्का होत्या. सप्टेंबर २०२३मध्ये थकलेल्या लेखापरीक्षणांची संख्या ९१८वर पोहोचली. शेवटी कायद्याने अंतिम तारखा ठरवून, तपास अपुरा असला तरी तसा शेरा मारून जुने हिशेब मिटवावे लागले.

आणि हे नेमके तेव्हा घडले जेव्हा तपासणीची सर्वाधिक गरज होती. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कौन्सिलांचे केंद्रीय अनुदान वास्तव मूल्यात जवळपास निम्मे झाले. स्थानिक कर ठरावीक टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर सार्वमत घेणे भाग. मग काही कौन्सिलांनी स्वस्त सरकारी कर्ज काढून उत्पन्नासाठी मालमत्ता आणि गुंतवणुकी घेतल्या. २००४पासून कर्जाला वरच्या परवानगीची गरज उरली नव्हती. परवडण्याचा अंदाज कौन्सिलनेच करायचा होता. केवळ नफ्यासाठी मालमत्ता घेणाऱ्यांना सरकारी कर्ज नाकारण्याचा नियम आला तो २०२०च्या नोव्हेंबरमध्ये.

ब्रिटिश कायद्यात कौन्सिलचे दिवाळे निघत नाही. त्याऐवजी १९८८च्या कायद्याचे कलम ११४ आहे. उत्पन्नातून खर्च भागणार नाही असे दिसले की मुख्य वित्त अधिकाऱ्याने नोटीस काढायची. ती निघताच नवा खर्च थांबतो आणि एकवीस दिवसांत सभेला विचार करावा लागतो. लंडनमधल्या हॅकनी कौन्सिलने ही नोटीस काढल्यानंतर सुमारे दोन दशके ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. २०१८मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरने ती काढली आणि तीन वर्षांत ती कौन्सिल विसर्जित झाली. २०२०मध्ये क्रॉयडन: स्वतःच्या ‘ब्रिक बाय ब्रिक’ या बांधकाम कंपनीला तिने सुमारे २० कोटी पौंड कर्जाऊ दिले होते. २०२१मध्ये भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेले स्लाव. थरॉकने इतर कौन्सिलांकडूनही उसने घेऊन सौरऊर्जेच्या रोख्यांत ६५.५ कोटी पौंड गुंतवले आणि २०२२मध्ये एका वर्षाची तूट ४६.९ कोटींवर गेली. वोकिंगचे वार्षिक निव्वळ अंदाजपत्रक १ कोटी ६० लाखांचे, आणि मनोरे व हॉटेल उभारण्यासाठी काढलेले कर्ज १८० कोटींचे. सप्टेंबर २०२३मध्ये बर्मिंगहॅमनेही नोटीस काढली. तिथे कारण वेगळे होते: स्त्री कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे कमी वेतन दिल्याची थकबाकी, आणि त्यात भर म्हणून फसलेली संगणक-प्रणाली. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमकरांचा कर ९.९९ टक्क्यांनी वाढला.

अशा वेळी १९९९च्या कायद्याखाली मंत्री आयुक्त नेमतो. निवडून आलेली कौन्सिल कायम राहते, बैठका होतात, निवडणुकाही होतात. पण ठरवून दिलेले अधिकार आयुक्त वापरतात किंवा त्यांच्या मान्यतेशिवाय वापरता येत नाहीत. त्यांचे मानधन कौन्सिलनेच द्यायचे. सरकार नवा पैसा क्वचितच देते. दैनंदिन खर्चासाठी कर्ज काढण्याची किंवा मालमत्ता विकण्याची परवानगी मिळते. फेब्रुवारी २०२५मध्ये तशी ती तीस कौन्सिलांना मिळाली. म्हणजे कर्जाने आलेले संकट कर्जानेच लांबवले जाते.

भाडेकरूंच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाले त्याची किंमत सर्वांत मोठी होती. १४ जून २०१७ रोजी केन्सिंग्टन व चेल्सी कौन्सिलच्या मालकीच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे मेली. रहिवासी आधीपासून धोक्याच्या तक्रारी करत होते. घरांच्या दर्जाबाबत गंभीर हानीचा पुरावा असल्याखेरीज घरमालक संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाने हस्तक्षेप करू नये, असा तेव्हा कायदा होता. २०२३च्या कायद्याने ती अट गेली आणि १ एप्रिल २०२४पासून मोठ्या घरमालक संस्थांची चार वर्षांतून एकदा तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. आगप्रतिबंधाची हजारो कामे तिथे मुदत उलटून पडून होती. ती कामे त्याआधीही पडून होती, मोजणारे कुणी नव्हते.

डिसेंबर २०२४मध्ये सरकारने कौन्सिलांच्या लेखापरीक्षणासाठी ‘लोकल ऑडिट ऑफिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापण्याचे जाहीर केले. ऑडिट कमिशन बंद करून वर्षाला वाचवायच्या ५ कोटींच्या तुलनेत एकट्या थरॉकची एका वर्षाची तूट नऊपटीहून अधिक होती.