गोळ्यांचा त्रास होतोय म्हणून काढा घेताय? आधी हे वाचा

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या पंधरा दिवसांत अनेकांना मळमळतं, तोंडाची चव जाते, जेवण नकोसं होतं. "गोळ्या गरम पडल्या" असं घरात म्हटलं जातं. मग कुणी गुळवेलचा काढा सांगतं, कुणी कोरफडीचा रस, तर कुणी यूट्यूबवरचा 'लिव्हर साफ करणारा' उपाय. बीपी, शुगर, रक्तवाढीच्या गोळ्या, कॅन्सरची केमो, सगळीकडे हेच चालतं. गोळी चालू ठेवायची आणि तिचा त्रास झाडपाल्याने मारायचा.

यात सगळंच खोटं नाही आणि सगळंच खरंही नाही. काही वनस्पतींचा उपयोग डॉक्टरही करतात. काही वनस्पती मात्र त्याच लिव्हरवर घाव घालतात, जे वाचवायला आपण निघालेलो असतो.

दुष्परिणाम होतो कसा?

पोटात गेलेलं बहुतेक औषध लिव्हरमध्ये फोडलं जातं आणि लघवी किंवा शौचावाटे बाहेर पडतं. हे काम करताना लिव्हरवर ताण येतो. टीबीच्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी काही रुग्णांच्या लिव्हरला सूज येऊ शकते. रोज दारू पिणारे, आधीच कावीळ झालेले आणि अंगात काही नसलेले अशक्त रुग्ण यांना धोका जास्त.

काढा, चूर्ण, रस हेही याच लिव्हरमधून जातात. फवारणीच्या पंपात दोन औषधं एकत्र करायची तर शेतकरी आधी दुकानदाराला विचारतो. एकत्र चालत नसतील तर द्रावण फाटतं किंवा पीक जळतं. पोटाच्या बाबतीत मात्र कुणी विचारत नाही, कारण काढा म्हणजे औषध नाही असंच आपण धरून चालतो.

उपयोग होतो अशा वनस्पती

आलं : मळमळीवर आल्याचा अभ्यास बराच झाला आहे. केमो घेणाऱ्या ५७६ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याच्या कॅप्सूल घेतलेल्यांना पहिल्या दिवशीची मळमळ कमी जाणवली. पण या रुग्णांना उलटी थांबवणारी नेहमीची औषधंही चालू होती. म्हणजे आलं जोडीला होतं, बदली म्हणून नव्हतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी जास्त आलं, सुंठ किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

इसबगोल : रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं. गरोदर बायका याच कारणाने गोळ्या कोनाड्यात टाकून देतात. इसबगोलाची साल पाणी धरून फुगते आणि शौच मऊ करते. मात्र ती भरपूर पाण्यासोबतच घ्यायची, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकते. ती इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून गोळी आणि इसबगोल यांच्यात निदान दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीसोबत चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी किंवा आवळा चालतो, त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

सोनामुखी : कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन दिलं की बद्धकोष्ठता जवळपास ठरलेलीच. त्यावर सोनामुखीपासून केलेलं औषध वापरलं जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पण तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. मनाने रोज घेतलं तर जुलाब लागतात आणि अंगातले क्षार कमी होतात.

लिव्हरच्या बाबतीत गोंधळ मोठा

लिव्हरसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत सिलिमरिन असतं. हे परदेशातल्या एका काटेरी रोपाच्या बियांतून काढतात. टीबीच्या गोळ्यांसोबत ते देऊन पाहिलं गेलं, पण निकाल एकसारखे आले नाहीत. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून ते प्रत्येक टीबी रुग्णाला दिलं जात नाही. पदरचे पैसे घालून ते घेतलं आणि लिव्हर सुरक्षित झालं असं समजून तपासणी टाळली, तर तोटाच.

गुळवेलची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. टीबीच्या औषधांसोबत हळदीतला कर्क्युमिन हा घटक आणि गुळवेल दिल्यास लिव्हरचा त्रास कमी होतो, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं होतं. पुढे कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटण्याचा कल आधीपासून असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखाच दिसणारा दुसरा वेल चुकून घेतला गेला असेल, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. वाद तज्ज्ञांचा आहे. पण बांधावरून तोडलेला वेल नेमका कोणता, किती घ्यायचा आणि किती दिवस, हे सांगणारं आपल्या घरात कुणी नसतं. टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरवर आधीच ताण असताना हा जुगार कशाला?

या जोड्या जपून

ज्येष्ठमध खोकल्यावर चांगलं म्हणून रोज चघळलं तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम घटतं. बीपीची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे धोक्याचं.

शुगरच्या गोळीसोबत कारल्याचा रस आणि मेथीचं चूर्ण जोरात सुरू केलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची खूण. भाजीतलं कारलं वेगळं आणि ग्लासभर रस वेगळा.

गोळी सोडणं हा उपाय नाही

टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला सरावतात. एकच कीटकनाशक अर्धवट मात्रेत मारलं की अळी दाद देत नाही, तसंच हे. मग औषधाला न जुमानणारा टीबी होतो, उपचार जास्त कडक होतात आणि तोच टीबी खोकल्यातून घरातल्या पोराबाळांना लागू शकतो.

काही त्रासांवर साधा उपाय डॉक्टरांकडेच असतो. हातापायाला मुंग्या येत असतील तर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. मळमळ होत असेल तर औषधाची वेळ बदलता येते किंवा उलटीची गोळी देता येते. लघवी केशरी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. हेच औषध कुटुंब नियोजनाच्या गोळीचा परिणाम कमी करतं, त्यामुळे बायांनी हे आरोग्य केंद्रात आवर्जून विचारावं.

मात्र डोळे पिवळे होणं, सारख्या उलट्या, जेवणावरची वासना पूर्ण जाणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी लिव्हरची रक्त तपासणी करून कोणतं औषध थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे डॉक्टर ठरवतात.

एवढं करा

– दवाखान्यात जाताना चालू असलेला काढा, चूर्ण, रस यांची नावं सांगा. पुडी किंवा बाटली सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.
– वैद्यांकडे गेलात तर त्यांनाही चालू गोळ्यांचा कागद दाखवा.
– लेबल नसलेलं, बाजारात खाली बसून विकलं जाणारं चूर्ण घेऊ नका.
– नवीन काही सुरू केल्यावर त्रास वाढला, तर ते आधी बंद करा आणि आशाताईंना कळवा.

टीबीबाबत माहितीसाठी १८००-११-६६६६ आणि औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हे टोल फ्री क्रमांक आहेत. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, शेजारीपाजारी कुणाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनाही द्या.