बुटांवरचा कर

जून महिना जवळ आला, की घरोघरी हिशेब सुरू होतो. वह्या, दप्तर, गणवेश घ्यायचा असतो. पावसाआधी छप्पर दुरुस्त करायचे असते. धाकट्याचे बूटही लहान झालेले असतात. आई कागद घेऊन बसते. एका बाजूला ती जमा लिहिते, दुसऱ्या बाजूला खर्च. बेरीज केली, की बहुतेक वेळा खर्चच जास्त निघतो. मग काय आधी घ्यायचे आणि काय पुढे ढकलायचे, हे घरातली माणसे मिळून ठरवतात.

मुलांनो, सरकारलाही असाच हिशेब करावा लागतो. येत्या वर्षात किती पैसा जमा होईल आणि तो कोणत्या कामांवर खर्च करायचा, याची आधीच आखणी करावी लागते. या आखणीला 'अंदाजपत्रक' म्हणतात. वर्ष अजून सुरू व्हायचे असते, म्हणून आकडे अंदाजाने मांडलेले असतात. पण हा अंदाज मनाला येईल तसा केलेला नसतो. मागच्या वर्षांचे हिशेब तपासून तो बांधलेला असतो.

सरकारकडे पैसा येतो कोठून? त्यातला मोठा भाग करांतून येतो. आपण दुकानातून एखादी वस्तू घेतो, तेव्हा पुष्कळदा तिच्या किमतीत कराची रक्कम असते. दुकानदार ती रक्कम सरकारकडे भरतो. ज्यांची कमाई जास्त असते, ते आपल्या उत्पन्नावरही कर देतात. या पैशांतून रस्ते, दवाखाने, शाळा, धरणे अशी सर्वांच्या उपयोगाची कामे होतात. तुमच्यापैकी अनेकांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. तो खर्चही अंदाजपत्रकातूनच होतो.

घरातला पैसा घरच्या माणसांनी मिळवलेला असतो. सरकारजवळचा पैसा मात्र तुमच्याआमच्याकडून गोळा केलेला असतो. म्हणून कर किती घ्यायचा आणि पैसा कशावर खर्च करायचा, हे सरकार एकट्याने ठरवू शकत नाही. त्यासाठी लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची संमती लागते. महाराष्ट्र राज्याचे अंदाजपत्रक साधारणपणे मार्च महिन्यात मांडले जाते. अर्थमंत्री ते विधानसभेत वाचून दाखवतात. त्यावर चर्चा होते, मतदान होते. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते.

लोकप्रतिनिधींची ही संमती मिळाली नाही तर? तर काय होते, हे आयर्लंड देशात एकदा साऱ्यांना पाहायला मिळाले.

आयर्लंड हा युरोप खंडाच्या पश्चिमेला असलेला एक हिरवागार देश आहे. तो महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ५१ लाख भरली. डब्लिन ही त्याची राजधानी. तेथे लेन्स्टर हाउस नावाची जुनी, दगडी इमारत आहे. तेथे आयर्लंडची संसद भरते. संसदेच्या ज्या सभागृहात लोकांनी थेट निवडून दिलेले सदस्य बसतात, त्याला 'डॉइल' म्हणतात. तेथील पंतप्रधानांना 'टीशख' म्हणतात. हे दोन्ही शब्द आयरिश भाषेतले आहेत.

आयर्लंडचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते. पण अंदाजपत्रकाची तयारी त्याच्या कितीतरी आधी चालू होते. उन्हाळ्यात डब्लिनच्या किल्ल्यात एक मोठी बैठक भरते. शेतकरी, कामगार, व्यापारी, समाजसेवक अशांचे प्रतिनिधी तेथे येतात आणि आपापल्या अडचणी मांडतात. मग प्रत्येक खात्याचा मंत्री आपल्या खात्याला किती पैसा हवा, ते सांगतो. शिक्षणखात्याला शिक्षक हवे असतात. आरोग्यखात्याला रुग्णालये हवी असतात. सर्वांच्या मागण्यांची बेरीज केली, तर ती जमेपेक्षा जास्त होते. मग आपल्या घरात होते, तेच तेथेही होते. काही कामे आधी घेतली जातात, काही मागे ठेवली जातात.

साधारणपणे ऑक्टोबर महिन्यात अंदाजपत्रक डॉइलमध्ये मांडले जाते. काही करांतील बदल त्याच रात्रीपासून लागू करायचे असतात. त्यामुळे त्यांवर त्याच दिवशी मतदान घेतले जाते. पुढे कायद्याचा मसुदा तयार होतो. त्याला 'विधेयक' म्हणतात. डॉइलमध्ये विधेयकातील एकेका कलमावर चर्चा होते. संसदेच्या दुसऱ्या सभागृहाला त्यावर २१ दिवसांत सूचना करता येतात, पण शेवटचा शब्द डॉइलचाच असतो. राष्ट्राध्यक्षांची सही झाली, की विधेयकाचा कायदा होतो. एवढ्यावरही काम संपत नाही. पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला की नाही, हे तपासण्यासाठी वेगळा अधिकारी असतो. तो सरकारच्या हाताखाली नसतो. त्यामुळे चूक दिसली, तर तो ती न घाबरता सांगू शकतो.

आता ती गोष्ट ऐका.

१९८२ साल होते. गॅरेट फिट्झजेरल्ड हे आयर्लंडचे पंतप्रधान होते आणि जॉन ब्रूटन हे अर्थमंत्री. सरकारचा खर्च जमेपेक्षा फार वाढला होता. डोक्यावर कर्ज चढले होते. काहीतरी करून जमा वाढवणे भाग होते. २७ जानेवारीला ब्रूटन यांनी अंदाजपत्रक मांडले. त्या वेळी तेथे अंदाजपत्रक जानेवारीत मांडत असत. त्यात एक नवा कर होता. कपडे आणि बूट यांवर १८ टक्के कर बसणार होता. लहान मुलांचे कपडे आणि बूटही त्यातून सुटणार नव्हते.

१८ टक्के म्हणजे किती? तेथे तेव्हा पौंड हे चलन होते. १० पौंडांच्या बुटांवर १ पौंड ८० पेन्स एवढा कर झाला असता. मुलांचे पाय तर भराभर वाढतात. आज घेतलेले बूट काही महिन्यांत घट्ट होतात. ज्या घरात चार-पाच मुले, त्या घराने काय करावे? लोकांना हा कर जाचक वाटला.

सरकारचीही एक अडचण होती. मुलांचे बूट करातून वगळले, तर लहान पावलांच्या बायका मुलांचेच बूट विकत घेतील आणि कर चुकवतील, असे सरकारच्या बाजूने सांगितले जाई. हे कारण ऐकून अनेकांना हसू आले. पण तिजोरीतला खड्डा खरा होता. तो कोणाच्या पैशांतून भरायचा, हा प्रश्नही खरा होता.

डॉइलमध्ये सरकारकडे स्वतःचे बहुमत नव्हते. कोणत्याही मोठ्या पक्षात नसलेल्या काही सदस्यांच्या पाठिंब्यावर ते चालत होते. त्यांपैकी एक होते लिमरिक शहराचे जिम केमी. ते पूर्वी पाथरवटाचे काम करत. कष्टकऱ्यांचे घर कसे चालते, हे त्यांना ठाऊक होते. दुसरे होते शॉन लॉफ्टस. डब्लिनचा समुद्रकिनारा वाचावा म्हणून त्यांनी आपल्या नावातच 'डब्लिन बे' हे शब्द घालून घेतले होते.

त्याच संध्याकाळी करांच्या ठरावावर मतदान झाले. पंतप्रधानांनी केमी यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. पण केमी यांनी विरोधात मत दिले. लॉफ्टस यांनीही विरोधातच मत दिले. मते मोजली गेली. सरकारच्या बाजूने ८१, विरोधात ८२! केवळ एका मताने ठराव पडला.

अंदाजपत्रकाला संमती नाही, म्हणजे पैसा घेण्याची आणि खर्च करण्याची परवानगी नाही. मग सरकार चालणार कसे? डॉइल विसर्जित झाले. १८ फेब्रुवारीला साऱ्या देशात पुन्हा निवडणूक झाली आणि दुसरे सरकार आले. फिट्झजेरल्ड त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. पण मुलांच्या बुटांची ती गोष्ट आयर्लंडमधील लोक विसरले नाहीत. तेथे आज मोठ्या माणसांच्या कपड्यांवर आणि बुटांवर कर आहे. लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर मात्र तो शून्य आहे.

अंदाजपत्रकातून मुलांच्या पदरात काही पडतेही. २०२२ साली मांडलेल्या अंदाजपत्रकात आयर्लंडच्या प्राथमिक शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके मोफत देण्याचे ठरले. पुढच्या वर्षी मुलांच्या हाती ती पुस्तके आली.

कर हा काही नुसता नकोसा भार नाही. कर नसेल, तर शाळा नाही आणि दवाखानाही नाही. पण कोणाकडून किती घ्यायचे आणि कोणाला काय द्यायचे, हे सर्वांसमोर, चर्चा करून ठरले पाहिजे. मत देण्याचे तुमचे वय अजून झालेले नाही. जिम केमी यांना मत देण्याइतकी ती बूट घालणारी मुलेही मोठी नव्हती. तरीसुद्धा त्यांच्या बुटांचा विचार देशाच्या संसदेत झाला. पुढे तुम्ही मत द्याल, तेव्हा अंदाजपत्रकाचे आकडे नीट वाचा. त्या आकड्यांमागे कोणाचे तरी बूट असतात, कोणाची तरी पुस्तके असतात.

शब्दार्थ
संमती – मान्यता, होकार
मसुदा – कच्चा आराखडा
जाचक – त्रासदायक
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
बहुमत – निम्म्यापेक्षा जास्त मते
विसर्जित होणे – मुदतीपूर्वी संपुष्टात येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अंदाजपत्रक म्हणजे काय?
(आ) आयर्लंडची संसद कोणत्या इमारतीत भरते?
(इ) १९८२ साली करांचा ठराव किती मतांनी पडला?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सरकारला लोकप्रतिनिधींची संमती का घ्यावी लागते?
(आ) मुलांच्या बुटांवरचा कर लोकांना जाचक का वाटला?
३. तुम्ही अर्थमंत्री असता, तर तिजोरीतला खड्डा कसा भरला असता? वर्गात चर्चा करा.
४. उपक्रम : वडीलधाऱ्या माणसांच्या मदतीने आपल्या घराचे एका महिन्याचे अंदाजपत्रक तयार करा. महिना संपल्यावर ते खऱ्या खर्चाशी ताडून पाहा.