वेण्णा तलावावरचे सांगलीकर

मेची दुपार. पाचगणीहून येणारा रस्ता महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी गाड्यांनी तुंबलाय आणि पाट्यांमध्ये एमएच-१० अधूनमधून डोकावतंय. खाली सांगली तापली की साडेचार हजार फुटांवर येऊन बसायचं, हा आमच्याकडचा कुळाचारच.

काठावर जत्रा भरलीय. आकाशपाळणा कुरकुरत वर चढतो, छऱ्यांनी फुगे फुटतात, फेकलेली रिंग बक्षिसाला शिवून बाजूला पडते. पाल्यासकट बांधलेल्या गाजरांच्या जुड्या, निखाऱ्यांवर तडतडणारी कणसं, स्ट्रॉबेरी-क्रीमचे उंच ग्लास. घोडेवाला लेकाच्या मागे लागलाय, "बस की राजा, एकच राउंड!" घोड्याला नाव हिंदी सिनेमातल्या हीरोचं. लेक मात्र होडीसाठी अडून बसलाय.

"मी नाही यायची," सासूबाई रांगेतच सांगून टाकतात. "होडीची हौस एकोणीस साली फिटली माझी."

२०१९चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका. तेव्हा ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. गावभागातल्या घरातून सासूबाईंना होडीनंच बाहेर काढलं.

नातू हात सोडत नाही. शेवटी पदर खोचून त्या चढतातच.

नावाडी वल्ह्यांच्या तालावर माहिती सांगतोय. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये हा तलाव करवून घेतला, गावाला पाणी मिळावं म्हणून. मध्येच विचारतो, "कुठले पाव्हणे?"

"सांगली."

"म्हणजे आमच्या खालचे!"

बरोबरच आहे. इथून निघालेली वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते, मेढ्यावरून कण्हेर धरणात जाते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिसळते. पुढे कऱ्हाडला कोयनेचं पाणी घेऊन कृष्णा आमच्याकडे येते. पावसाळ्यात सांगलीची सकाळ आकड्यांनी उजाडते: महाबळेश्वरात किती मिलिमीटर, कोयनेतून किती क्युसेक, आयर्विनला किती फूट. आमच्या अंगणात ऊन असलं तरी आम्ही इथल्या ढगांचा हिशेब ठेवतो.

"आजी, ही होडी सोडून दिली तर आपल्या घरी जाईल?"

"कण्हेरच्या भिंतीला अडकेल की," नावाडी हसतो.

"दारं उघडली की येईल," सासूबाई म्हणतात. "पाण्याला पत्ता ठाऊक आहे आमचा."

नावाडी क्षणभर वल्हं थांबवतो. मग नाव धक्क्याकडे वळवतो. मागं आकाशपाळण्यावरून किंकाळ्या येतायत, पुढच्या होडीत सेल्फीसाठी सगळे एकाच बाजूला झुकलेत आणि त्यांचा नावाडी ओरडतोय.

"यंदा होड्या कधी बंद करणार?" सासूबाई विचारतात.

"पाऊस लागला की, मावशी."

"तेव्हाच आम्हीही गाद्या माळ्यावर टाकतो," त्या म्हणतात आणि उतरल्या उतरल्या गाजरवालीशी जुडीचा भाव करायला लागतात.