तोफ नाकात, मग नेम कुठे? : बोअरसाइटिंग आणि कॅलिब्रेशन

दिग्रसहून काही जण विचारतात, "पीएचडीच्या मुलाखतीत कॅलिब्रेशन म्हणजे काय विचारलं तर काय सांगायचं?" पुस्तकातली व्याख्या तुम्हाला पाठ असतेच. मी आज लढाऊ विमानाच्या तोफेचं उदाहरण घेतो, कारण त्यात चूक लपत नाही.

आधी पंखातल्या बंदुका. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन, स्पिटफायरच्या बंदुका पंखांत, म्हणजे मध्यरेषेपासून दूर. त्या थोड्या आत वळवून गोळ्या एका ठरावीक अंतरावर एकत्र आणायच्या. ब्रिटिशांनी आधी ४०० यार्ड धरलं होतं. लढाईत बऱ्याच वैमानिकांनी ते २५० यार्डांवर आणून घेतलं. गणित सोपं आहे: बंदूक मध्यरेषेपासून २ मीटर बाजूला आणि मिलनबिंदू २५० मीटरवर असेल, तर ५०० मीटरवर तीच गोळी २ मीटर पलीकडच्या बाजूला गेलेली असते.

तोफ नाकात किंवा पोटाखाली मध्यरेषेवर बसवली की ही आडवी भानगड जवळपास संपते. अमेरिकेचं पी-३८ तसं होतं. आपलं एचएफ-२४ मारुतही तसंच. कुर्ट टँक यांच्या आराखड्याचं हे विमान १७ जून १९६१ला पहिल्यांदा उडालं, आणि त्याच्या नाकात ३० मिमीच्या चार एडन तोफा होत्या. नाशिकजवळ ओझरला एचएएलने मिग-२१ बांधली, त्यांतल्या नंतरच्या प्रकारांत २३ मिमीची जुळी तोफ पोटाखाली आहे.

पण उभी भानगड राहतेच नं! वैमानिक बघतो वरच्या साइटमधून, तोफ असते खाली, आणि गोळा निघाल्याक्षणी पडायला लागतो.

आकडे घालून बघू (आकडे समजण्यापुरते, हवेचा अडथळा सोडून). तोफ साइटच्या १ मीटर खाली, गोळ्याचा वेग सेकंदाला ८०० मीटर. ४०० मीटर जायला अर्धा सेकंद. तेवढ्यात गोळा पडतो १.२ मीटर. म्हणजे ४०० मीटरवर नेम बरोबर हवा असेल तर तोफ साइटच्या रेषेपेक्षा एकूण २.२ मीटरच्या हिशोबाने वर रोखायची: सुमारे ५.६ मिलिरेडियन. (१ मिलिरेडियन म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे प्रयोगशाळेत कामी येईल.)

आता जमिनीवरचं काम. विमान जॅकवर उचलून समतल करतात, समोर खुणा केलेला फलक उभा करतात, नळीत दुर्बीण घालून नळी नेमकी कुठे बघते ते तपासतात. समजा फलक २५ मीटरवर आहे. नवख्याला वाटतं, साइटची खूण आणि तोफेची खूण एकावर एक आली पाहिजे. अजिबात नाही! वरच्या आकड्यांनुसार तोफेची खूण ८६ सेंटिमीटर खालीच हवी. फलकावर दोन्ही जुळवून ठेवल्या, तर तोफ ४० मिलिरेडियन वर रोखली जाईल आणि ४०० मीटरवर गोळा जवळपास १४ मीटर वरून जाईल. शत्रूला पत्ताही लागणार नाही.

एकदा नीट जुळवलं की २०० मीटरवर गोळा साइटरेषेच्या सुमारे २० सेंमी खाली, ३०० वर जवळजवळ रेषेवर, ४०० वर नेमका, ६०० वर ४० सेंमी खाली. नाकातल्या तोफेचा खरा फायदा हा: कितीतरी लांब पट्ट्यात चूक अर्ध्या मीटरच्या आत राहते. पंखातल्या बंदुकीला ते जमत नाही.

आणि संधी किती? एडन मिनिटाला साधारण १२०० गोळे झाडते. मारुतच्या एका तोफेत १२० गोळे. सहा सेकंदांत सगळं संपलं. तिथे "थोडं वर मारून बघू" ही चैन नाही.

इथे तुमच्या कामाचा भाग येतो. गोळे फलकावर विखुरतात, कारण नळी थरथरते, दारू सारखी जळत नाही. ही यादृच्छिक त्रुटी. जास्त गोळे झाडून सरासरी काढली की तिचा अंदाज येतो. पण सगळे गोळे छान घट्ट गुच्छात, आणि गुच्छच एक मीटर बाजूला? ही पद्धतशीर त्रुटी. कितीही गोळे झाडा, ती कमी होत नाही. नुसते आकडे बघून ती दिसतही नाही, बाहेरचा संदर्भ लागतो. बोअरसाइटिंगचा फलक म्हणजे तो संदर्भ.

अजून एक मेख आहे. जमिनीवरची जुळवणी सरळ उड्डाणासाठीच खरी. विमान ४ जीच्या वळणात असेल तर विमानाच्या दृष्टीने गोळा चौपट पडतो: १.२ ऐवजी जवळपास ४.९ मीटर. तिथे नळी हलवून उपयोग नाही, म्हणून जायरो साइट आली. ती वळण्याचा वेग मोजून नेमाची खूणच सरकवते. कोणती चूक यंत्र बसवतानाच काढायची आणि कोणती दर मोजमापाला दुरुस्त करायची, हा प्रश्न तुमच्या स्पेक्ट्रोमीटरलाही लागू आहे, माती तपासणाऱ्या सेन्सरलाही.

करून बघायचं असेल तर एक लेझर पॉइंटर पाइपला बांधा, ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि पाइपमधून बघा. दोन्ही ५ मीटरवर जुळवा, मग तसंच उचलून जिनिंगच्या लांब भिंतीसमोर २५ मीटरवर उभे राहा. ठिपका आता कुठे आणि किती सरकला, ते आधी कागदावर काढा, मग मोजा.