अमेरिकेचे वार्तापत्र : ब्रेकचा दोष आणि घरी येणारे पत्र

कारखान्यातूनच सदोष निघालेले वाहन परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणे म्हणजे रिकॉल. अमेरिकेत ही कंपनीची मेहेरबानी नाही. 1966च्या वाहन सुरक्षा कायद्याने आणि त्यातल्या 1974च्या दुरुस्तीने घातलेले ते बंधन आहे. दोष धोक्याचा आहे असे ठरले, की कंपनीने पाच कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवायचे आणि पुढच्या साठ दिवसांत मालकांना टपालाने पत्रे धाडायची. पत्ते राज्यांच्या वाहन नोंदणीतून मिळतात. जाहिरातींच्या गठ्ठ्यात पत्र हरवू नये म्हणून पाकिटावर सुरक्षा-रिकॉलचे ठळक लेबल सक्तीचे आहे. सुटे भाग तयार नसले तरी इशारा आधी जातो.

2023च्या सप्टेंबरमध्ये ह्युंदाई आणि किआ यांनी तिथे सुमारे 34 लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेत ब्रेक ऑइल झिरपून शॉर्टसर्किट होण्याची आणि आग लागण्याची भीती होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असे मालकांना सांगण्यात आले.

या व्यवस्थेतही एक भगदाड आहे. रिकॉल झालेली नवी गाडी दुरुस्त केल्याशिवाय विकता येत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर मात्र केंद्रीय कायद्याचे तसे बंधन नाही.

भारतात वाहन उद्योगाच्या संघटनेने 2012मध्ये स्वेच्छा रिकॉलची संहिता आणली. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले आणि सरकारला रिकॉलचा आदेश देता येऊ लागला. 1 एप्रिल 2021पासून त्याचे नियम लागू असून दंड एक कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयल एनफील्डने 26,300 क्लासिक 350 गाड्या स्वतःहून परत बोलावल्या. मागच्या ड्रम ब्रेकचा जोर पेलणारा, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरचा ब्रॅकेट पायाचा ब्रेक फार जोरात दाबल्यास खराब होण्याची शक्यता होती.

असा दोष गल्लीतल्या मेकॅनिकने ब्रेक कसून जात नाही. भागच पाहावा लागतो. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातली एखादी मोटारसायकल दोन हात फिरली आणि नावावर करायची राहिली, तर कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या दारात थांबतो आणि सदोष ब्रेक अरुंद गल्ल्यांतून, शाळकरी मुलांच्या गर्दीतून धावत राहतो. म्हणून जुनी गाडी घेतली की ती आधी नावावर करून घ्यावी आणि आरसीवर मोबाईल नंबर स्वतःचा लावावा. हँडलच्या मानेवर कोरलेला चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहावा आणि तो सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रिकॉलबद्दल विचारावे. रिकॉलच्या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत.